सुगीतली माणसांची पाहणी

लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि तो मागण्याचे धाडसही आजवर मी केले नाही. माझे शिक्षण उर्दूतून सुरू झाले आणि मराठीतून संपले. मधल्या काळात राज्य बदलले. फळ्यावरची अक्षरे उजवीकडून डावीकडे जायची ती डावीकडून उजवीकडे जाऊ लागली, आणि आम्हा मुलींच्या मनात दोन्ही भाषांविषयी एक धाक कायमचा बसला. परक्या घरी पाणी प्यायला दिलेले भांडे जसे दोन्ही हातांनी धरावे, तशी मी मराठी अजून धरते. पुढे परभणीच्या एका शाळेत बरीच वर्षे इतरांचे निबंध तपासले. स्वतः मात्र कधी एकही लिहिला नाही. ज्या वयात शहाणी माणसे हातातले काम आवरते घेतात, त्या वयात मी पहिला लेख लिहायला बसले आहे. वाचकांनी क्षमा करावी. ते न जमले तर मध्येच सोडून द्यावे; मला कळणार नाही.

निमित्त अगदी किरकोळ आहे. गेल्या आठवड्यात एक मुलगी दारी आली. हातात पाटीसारखे यंत्र, गळ्यात ओळखपत्र. आरोग्याची पाहणी चालली आहे म्हणाली. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालताना किंवा पायऱ्या चढताना त्रास होतो का, स्वतःची अंघोळ, कपडे स्वतः जमतात का, असे तिने विचारले. प्रत्येक प्रश्नापुढे चार उत्तरे होती: अजिबात नाही, थोडा, बराच, जमतच नाही. मुलगी गोड होती, प्रश्नही शहाणे होते. कोणालाही लंगडे म्हणायचे नाही, आंधळे म्हणायचे नाही, फक्त काय कितपत जमते ते विचारायचे. मी पायऱ्यांच्या प्रश्नाला "थोडा" म्हणाले.

ती गेल्यावर मी बराच वेळ दारातच उभी होते. पायऱ्या मला बऱ्याच जड जातात. गेल्या दिवाळीपासून मी गच्चीवर गेलेली नाही. मग मी "थोडा" का म्हणाले? माझ्या मागे माझी सून उभी होती, म्हणून. सून भली आहे. पण उत्तर देताना ती मागे उभी आहे हे मला पाठीला कळत होते, आणि जिभेने आपोआप एक पायरी कमी सांगितली.

त्या क्षणापासून पेडगावची एक सुगी माझ्या डोक्यातून जात नाही.

लग्न होऊन मी पेडगावात आले तेव्हा आमचा मुलूख मुंबई राज्यात गेलेला होता. सरकारी कामाला पश्चिमेकडची माणसे येऊ लागली होती. ती "आपण", "कृपया" असे बोलत, आणि नेमका त्यामुळेच गावाला त्यांचा संशय येई. आधीच्या राजवटीत लेव्हीचे धान्य वसूल करणारे येत, ते निदान शिव्या देत. त्यांना काय हवे आहे ते पहिल्या शिवीतच कळे. जो माणूस गोड बोलून माहिती विचारतो तो नेमके काय न्यायला आला आहे, हे कसे ओळखायचे?

माघाचे दिवस होते. ज्वारी निघाली होती. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, आणि बांधाबांधाने जनावरे अडवायला पेरलेली काटेरी करडई पिवळी होऊन उभी. वाळल्या पानांचा आवाज दिवसभर कानात राही. संध्याकाळी घरात आल्यावरही कोणी तरी शेजारी कागद चाळते आहे असे वाटे. कणसांचा कोंडा मानेवर, कोपरात, पदराच्या घडीत शिरे आणि खाज सुटे. अंघोळीच्या पाण्यालाही ज्वारीचा वास. मी शहरात शिकलेली, मला ते सगळे आधी छळ वाटले आणि मग, कोणाला न सांगता, आवडू लागले.

रानातली सर्वांत आवडती जागा म्हणजे गयाकाकूंच्या शेजारची. गयाकाकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचे घर. मूलबाळ नव्हते. लहानपणी तापात त्यांचा उजवा पाय वाळला होता. चालताना त्या उजवा हात मांडीवर दाबून धरत, आणि प्रत्येक पावलाला तो पाय हाताने पुढे ढकलत. त्यांच्या प्रत्येक लुगड्याला त्या जागी हाताएवढी विरलेली जागा असे. लुगडे नवे असो की जुने, आधी तिथेच विरे.

सुगीत मात्र काकूंचा पाय कोणाच्या ध्यानात येत नसे. ज्वारीची ताटे उपटून आडवी टाकली की कणसे खुडण्याचे काम बसून करायचे असते. काकू सकाळी एकदा बसल्या की दुपारी त्यांच्याभोवती कणसांची भिंत उभी राही आणि त्या आत दिसेनाशा होत. फक्त गाण्याचा आवाज येई. उभी राहून काम करणारी एकही बाई त्यांना गाठू शकत नसे. शेजारची मुक्ताबाई आणि त्या, दोघींची सावड होती. काकूंचा एक बैल, मुक्ताबाईचा एक बैल, मिळून एक जोडी. पेरणीला मुक्ताबाई काकूंच्या शेतात तिफणीमागे चालायची. खुडणीला, बियाणे निवडायला, शेंगा फोडायला काकू मुक्ताबाईकडे बसायच्या. कोणी कोणावर उपकार करत नव्हते. आणि जिथे दोघींची ताकद कमी पडे तिथे आमचे सासरे गडी पाठवत. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. अशा तऱ्हेने काकूंच्या वाटणीचे विहिरीकडचे शेत दरवर्षी पिकत होते. ते कोण कसते, असे तेव्हा कोणी विचारले असते तर सगळ्यांनी एका सुरात सांगितले असते, गयाबाई.

पण विचारण्याचे दिवस आले होते. जो कसतो त्याची जमीन होणार, एवढे गावाला पाठ झाले होते. त्यापलीकडचा कायदा सेलूच्या बाजारात कापूस घालायला गेलेल्या गाड्यांबरोबर परत यायचा, आणि वाटेत त्याचे हातपाय बदलायचे. कोणी म्हणे, विधवेच्या आणि पांगळ्या माणसाच्या जमिनीला कोणी हात लावू शकणार नाही. कोणी नेमके उलटे सांगे: ज्याच्याकडून कसणे होत नाही, त्याची जमीन सरकार दुसऱ्याच्या नावे लावून देणार. मी वर्तमानपत्र मिळेल तेव्हा वाचत असे, पण मलाही नक्की सांगता येत नव्हते. काकूंच्या पायाखाली ते एकच शेत होते. त्यांचा पाय धड ठरला तर ते वाचणार होते की अधू ठरला तर, हेच कोणाला माहीत नव्हते.

अशा वेळी जिल्ह्याहून आरोग्याचे एक तपासनीस सायकलवर आले. गावात किती माणसे अंध, अपंग, मुकी, बहिरी आहेत हे सरकारला समजले पाहिजे, म्हणजे त्यांच्यासाठी काही करता येईल, असे त्यांनी सांगितले. बोलणे खरे असावे असे मला आज वाटते. त्या दिवशी मात्र त्यांच्या शेजारी पटवारी बसला होता. त्यात कोणाचा डाव नव्हता. घरे कोणाची कुठे हे पटवाऱ्यालाच माहीत, म्हणून त्याला बरोबर घेतले. पण गावाने तपासनिसांकडे पाहिलेच नाही. गाव पटवाऱ्याकडे बघून उत्तरे देत होते.

बैठक आमच्या ओसरीवर होती. आम्ही बायका आतल्या दाराआड.

"आपल्या गावात आंधळे, पांगळे, मुके, बहिरे असे कोणी आहेत का?" तपासनिसांनी विचारले.

"न्हाईत साहेब," मामा म्हणाले.

"एकही नाही?"

"देवाच्या दयेनं समदी धडधाकट हायत."

ओसरीच्या कडेला संपत सुतार बसला होता. त्याच्या मागे ढोल वाजवला तरी तो मान वळवत नसे. सगळ्यांनी माना हलवल्या तशी त्यानेही हलवली, आणि मग शेजारच्याला मोठ्याने विचारले, "काय म्हनायलेत?"

शेजारचा त्याच्या कानात ओरडला, "गावात कुनी भैरं हाय का, म्हनायलेत!"

"आपल्याकडं?" संपतने विचार केला. "न्हाई बा."

कोणी हसले नाही. दाराआड मुक्ताबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला तेवढाच. तपासनिसांनी संपतकडे पाहिले, पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. माणूस मूर्ख नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरे, ते राहू द्या. कोणाला कोणते काम करायला अडचण येते, एवढेच सांगा."

हा दुसरा प्रश्न त्यांच्या मनात कुठून आला ते मला माहीत नाही. परवाच्या मुलीच्या प्रश्नांचा तो आजोबा म्हणावा लागेल. पण पहिल्या प्रश्नाला ज्या गावात एकही माणूस निघाला नाही, त्याच गावात दुसऱ्या प्रश्नाला एकही माणूस गप्प राहीना.

"मला इहिरीत उतराया जमत न्हाई, डोळं फिरतेत."

"माजी कंबर धरती साहेब, वाकाया येत न्हाई."

"ह्याला वाकाया येत न्हाई? काल जेवनाच्या पंगतीत तर लय वाकायला होता!"

"मला बायकोसमोर बोलाया जमत न्हाई. लिवा साहेब, सरकारला कळू द्या!"

बायकांना विचारायचे तर तपासनिसांना आत येता येत नव्हते. मामा म्हणाले, "सूनबाई शिकल्याली हाय. ती इचारंल." मला उंबऱ्याशी बसवले. तोंड आत, कान बाहेर. बायकांनी तर पुरुषांवर ताण केली.

"माजं काय लिवून घ्यायलीस गं?" मुक्ताबाई म्हणाली. "मला सुईचं नेढं दिसत न्हाई. सरकारनं लिवल्यावर दिसंल का?"

"मला सासूसमोर घास गिळत न्हाई," एक नवी सून हळूच म्हणाली, आणि तिची सासू शेजारीच आहे हे लक्षात आल्यावर भिंतीला चिकटली.

"मला ह्या सुनंसमोर भूकच लागत न्हाई, लिव्ह!" सासू म्हणाली.

मी बाहेर सांगत होते, बाहेर हसू उठत होते. तपासनीस मात्र हसत नव्हते. ते स्वतःशीच पुटपुटल्याचे मी ऐकले, "हे सगळे लिहून मी काय करू?" त्यांच्याविषयी मला त्या क्षणी दया आली, आणि लगेच संशयही आला. ज्याला खरेच जाणून घ्यायचे असते त्याला एवढे मिळाल्यावर आनंद व्हायला हवा. त्यांना अडचणी नको होत्या. चार-दोन रकान्यांत बसतील एवढ्याच हव्या होत्या. आता म्हातारपणी हे लिहिताना वाटते की मी त्यांच्यावर अन्याय करते आहे. सगळ्यांचेच सगळे लिहिले तर दवाखाना कोणासाठी बांधायचा ते कसे ठरणार? कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण रेघ ओढणाऱ्या हाताकडे बघायची मला तेव्हापासून सवय लागली ती लागलीच.

मग काकूंची पाळी आली. त्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर मामा. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नसे. त्याच्या कानावर आपला आवाजही पडू देत नसे. मामाही त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. दोघांना एकमेकांना काही सांगायचे असेल तर मध्ये तिसरे माणूस लागे, आणि मी आल्यापासून ते माणूस मी होते. भिंतीपलीकडे शेजारी राहून त्या दोघांनी जन्म असा काढला होता.

तपासनीस म्हणाले, "या बाईंना चालता येते का? शेतातले काम जमते का?"

काकू माझ्या कानाशी आल्या. "सांग, समदं जमतंय. काय बी अडत न्हाई म्हनावं."

मी सांगितले. तपासनिसांनी त्यांना आत जाताना पाहिले असावे, कारण ते थोडे थांबले. "पायाचे काय?"

आणि इथे मामा बोलले. ते दाराकडे बघून, माझ्याशी बोलल्यासारखे, मोठ्याने म्हणाले, "सूनबाई, साहेबांना सांगा, आमची धाकटी लय खमकी हाय. चार मानसांचं काम एकली करती. लिवा साहेब, समदं जमतंय."

काकूंची बोटे माझ्या दंडावर होती. ती घट्ट झाली.

त्या घरात आल्यापासून मामांनी काकूंची स्तुती केलेली मी ऐकली नव्हती. कधी वाईटही बोलले नव्हते. ते मोजके बोलत. मग आजच काय झाले? संध्याकाळी काकूंच्या चुलीशी बसून मी विचारले, "काकू, मामांनी तर तुमच्याच मनासारखे सांगितले. मग तुम्ही गप्प का?"

काकूंनी भाकरी उलटली. "त्येंनी व्हय म्हनलं, म्हनूनच मला भ्याव वाटायलंय."

"कसले भ्याव?"

"ते कळलं असतं तर भ्याव कामून वाटलं असतं, माय?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मामांच्या मनात काय होते? आमच्या धाकट्या नणंदेच्या सोयरिकीचे बोलणे त्याच महिन्यात चालू होते. घरात पांगळी बाई आहे हे सरकारी कागदावर कशाला, असे त्यांना वाटले असेल. किंवा पटवाऱ्यासमोर आपल्या घरच्या बाईला कोणी अधू म्हणू नये, एवढाच अभिमान असेल. किंवा सेलूहून आलेल्या दोन बातम्यांपैकी पहिली त्यांना खरी वाटली असेल: पांगळी ठरली तर शेताला हात लावता येणार नाही. तिन्ही कारणे एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटाशेजारी वाढत असताना मी त्यांचा चेहरा बघत असे. ते शांतपणे जेवत.

दुसऱ्या दिवशी तपासनीस निघाले ते आमच्या रानावरून. काकू कणसांच्या भिंतीत बसलेल्या. मामा नव्हते, म्हणून त्यांचा आवाज मोकळा होता.

"बाई, खरे सांगा, काम करताना त्रास होत नाही?" तपासनिसांनी सायकल धरून विचारले.

"बसल्या जाग्याला कसला तरास? तुमी बी बसा की. बगा जमतंय का."

ते खरेच बसले. थोड्याच वेळात त्यांच्या बोटाला ताटाची धार लागली आणि कोंड्याने मान लाल झाली. काकू आणि मुक्ताबाई हसून हसून बेजार झाल्या. मुक्ताबाई म्हणाली, "लिवा साहेब, साहेबाला जमत न्हाई." तेही हसले. उठताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नव्हता. गयाबाई, कामाला समर्थ.

आणि मला आजही संशय आहे तो त्यांच्या त्या समाधानाचा. त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. पण ते माघात आले होते. रान वाळून दगड झालेले, वाट टणक, काम बसून करायचे. तेच आषाढात आले असते तर? आमच्या काळ्या रानात पाऊस पडला की चिखल पायाला धरतो, सोडत नाही. धडधाकट माणूसही दोन्ही पायांना मणामणाची माती घेऊन चालते. काकूंचा हाताने ढकलायचा पाय त्या चिखलात एकदा रुतला की बाहेर काढायला दुसरे माणूस लागे. पावसाळ्यात त्या आठवडेच्या आठवडे ओसरीवर बसून रानाच्या दिशेने बघत असत. तोच पाय, तीच बाई. कोणत्या महिन्यात विचारायचे, हे त्या प्रश्नांत कुठेच नव्हते. परवाच्या मुलीच्या यंत्रातही नव्हते. मी तिला विचारले असते, पण मला भीड वाटली.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर विहिरीकडच्या शेताच्या कागदावर कसणाऱ्याच्या जागी मामांचे नाव लागले. काकूंना कोणी घराबाहेर काढले नाही. दर सुगीला ज्वारीची पोती त्यांच्या दारात येऊन पडत, आणि मामांनी त्यात कधी कमी केले असे मी म्हणणार नाही. उलट एखादे वर्षी जास्तच. पण आधी ते धान्य काकूंचे होते आणि आता ते मामांनी दिलेले होते. मुक्ताबाईची सावडही मोडली, कारण सावड बरोबरीच्या माणसांत होते, आणि मुक्ताबाईने येऊन पेरावे असे काकूंचे स्वतःचे रान उरले नव्हते. बैल विकला. त्या शेतात पुन्हा ज्वारी झाली तेव्हा काकू तिथे खुडायला बसल्या, पण मामा बांधावर असले की त्यांचे गाणे थांबे, आणि मामा आता रोज बांधावर असत.

मामांना मी एकदाच, माझ्या पतींकरवी, विचारले. ते म्हणाले, "तिला चिखलात उतरवू का? मी न्हाई तर कोन करील?" यात खोटे काय आहे? काही नाही. म्हणूनच मला ते आजवर गिळता आलेले नाही.

त्या पाहणीच्या आकड्यांत पेडगाव कसे दिसले असेल, असा विचार करते. आंधळे कोणी नाही, बहिरे कोणी नाही, पांगळे कोणी नाही. फार निरोगी गाव. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणीतरी तो कागद बघून म्हणाले असेल, तिकडे काही गरज दिसत नाही. संपत सुतारासाठी कोणी आले नाही, मुक्ताबाईच्या डोळ्यांसाठीही नाही. ती पुढे उंबऱ्याला हात लावून घरात शिरू लागली. गावाने आपली माणसे लपवून ठेवली, त्यांना वाचवायला. ती इतकी नीट लपली की मदत करू पाहणाऱ्यालाही सापडेनात. असे असूनही, मी त्या दिवशी त्या ओसरीवर असते, दाराच्या बाहेरच्या बाजूला, तर मीही "न्हाईत साहेब" असेच म्हणाले असते. पटवारी शेजारी बसलेला होता.

आता पावसाळ्यातला तो एक दिवस. श्रावण संपत आला होता. त्या साली विहिरीकडच्या शेतात कापूस होता, गुडघ्याएवढा. पटवारी रानात पीक बघायला आला आहे, शेताशेतात जाऊन कोण कसते ते विचारतो आहे, अशी बातमी मुक्ताबाईने आणली. काकू ओसरीवर दाणे निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"चल," मला म्हणाल्या.

"काकू, चिखल आहे."

"चल म्हनलं ना."

गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून आल्या. पुढे वाट संपली आणि नुसते काळे रान. त्यांनी माझा खांदा सोडला. दोन्ही हातांनी मांडी धरायची, पाय उपटायचा, पुढे टाकायचा, मग दुसरा. मध्येच त्या बसल्या, आणि बसूनच काही अंतर हातांवर सरकत आल्या. लुगडे कमरेपर्यंत चिखलाने भरले. एकदा मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मला येतंय." आणि त्या आल्या. त्यांच्या शेताच्या बांधावर एक बाभूळ होती, तिथपर्यंत त्या स्वतः आल्या. गावातल्या कोणीही, त्या तपासनिसांनीही, ते चालणे पाहिले असते तर टोपी काढली असती.

बाभळीच्या पलीकडे मामा आणि पटवारी उभे होते. हाकेच्या अंतरावर नव्हे, बोलण्याच्या अंतरावर. आमच्याकडे त्यांची पाठ होती. पटवाऱ्याने विचारले, "ह्ये कोन करतंय?"

काकूंनी पदर पुढे ओढला. त्यांचा श्वास अजून जोरात चालला होता. तो ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला.

मामांनी कापसाच्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "आमीच करायलोत."

मी एक पाऊल पुढे टाकले. काकूंनी माझे मनगट धरले. थोरल्या दिराचा शब्द परक्यासमोर खोडायचा नाही, माझ्या तोंडूनही नाही. चिखलाने भरलेल्या त्या हाताची पकड अशी होती की मला पुढे जाता आले नाही. पटवाऱ्याने लिहिले. दोघे पुढच्या शेताकडे वळले. काकू बाभळीला धरून उभ्या राहिल्या, ते दोघे दिसेनासे होईपर्यंत.

त्या बाईला दिसत होते, ऐकू येत होते, बोलता येत होते. चालता येत होते हे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. वाचकहो, तुम्ही माझ्याहून जास्त शिकलेले असाल, म्हणून विचारते: त्या अपंग होत्या का?